उघाडी

पहिल्या वर्षी मी नट बदलले.
दुसऱ्या वर्षी कणकवलीहून माणूस नेऊन वेल्डिंग केलं.
तिसऱ्या वर्षी कुलूप घातलं, पितळी, सात लिव्हरचं,
कार्यालयाच्या खर्चाने, पावतीसह.
शिमग्याच्या उधाणाला बघतो तर
कुलूप जागच्या जागी, शाबूत,
आणि दाराच्या वरच्या दोन पट्ट्या
जेवण झाल्यावर कुणी पाट उचलून
भिंतीला टेकवावेत
तशा टेकवलेल्या.

मोडतोड नव्हे ही.
मोडणाराला इतकी निगा नसते.

खारेबावच्या बांधाची माझ्याकडची माहिती:
लांबी सहाशे चाळीस मीटर, माथा दीड मीटर,
आत बेचाळीस एकर भात, बाहेर खाडी.
खाडीचं सगळं भरती-ओहोटीच्या कोष्टकात,
भाताचं सात-बारावर.
माणसांचं कुठे असतं
ते सांगलीच्या कॉलेजात विचारायचं राहून गेलं.

मग एका रात्री बांधावर जाऊन बसलो.
चोर धरायला. खोटं कशाला सांगू.
बॅटरी विझवलेली. चिखलात खेकड्यांची टिकटिक.
भरती चढू लागली तशी येसू तारी आली
आणि तिच्या मागोमाग
तक्रारअर्जावर पहिली सही ज्याची
त्या बाबल घाड्याची सून.

मी उभा राहिलो. त्या दचकल्या नाहीत.
"साहेब, वायच धर," येसू म्हणाली,
आणि मी, सरकारी नोकर, पट्टी धरली.
ओली. जड. माझ्याच मोजमापाची.

"सुंगटांची पिल्ला आत येवक व्हयी.
भात चार म्हयने, साहेब. पोट बारा."
आणि खालच्या कुणग्यांत मीठ चढतं, त्याचं?
"चढता तर," सून म्हणाली,
"म्हणान तर मामंजी अर्ज करतत."
मग दोघी हसल्या.
मला त्या हसण्यात घेतलं नाही.

पूर्वी दार लाकडाचं होतं, येसू सांगत होती.
सात फळ्या. तीन घाड्यांच्या घरांत,
तीन ताऱ्यांच्या, एक दाऊद मुकादमाकडे.
सगळ्या आल्याशिवाय दार लागायचं नाही.
म्हणून शिमगा सरला की मांडावर बसायचे,
आईमाईवरून भांडायचे,
उजाडता उजाडता तिथी ठरायची.
"मगे तुमी लोखंड हाडलास.
दार सरकाराचा झाला.
सरकाराच्या दारासाठी मांडार कोण बसतलो?"

परतताना पाय घोट्यापर्यंत चिखलाचे
आणि हिशेब पहिल्यांदा उलटा मांडलेला:
आम्ही फट बुजवली होती.
त्याच फटीतून गाव एकमेकांशी बोलत असे.

पुढच्या अंदाजपत्रकात बाब क्रमांक नऊ:
मांडावर बैठक, वर्षातून दोनदा,
चहा, साखर, गॅसबत्ती, दोन ताडपत्र्या.
उपअभियंता शेवाळे चष्म्यावरून बघतात.
"दरसूचीत कुठे आहे हे?"
नाही.
"आणि निष्पन्न?"

निष्पन्न असं, साहेब,
की बाबल घाडी मध्येच उठून गेला.
येसूने लोखंडाला शिव्या घातल्या,
काही माझ्याही असाव्यात.
तिथी ठरली नाही.
दाऊद मुकादमाने घरून एक फळी आणली,
पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेली, वाळवी न लागलेली,
आणि काही न बोलता मधोमध ठेवली.
तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.
बसले होते मात्र तिच्याभोवतीच.
थोड्या वेळाने बाबल परत आला,
चप्पल राहिली म्हणून,
आणि चप्पल घालायची विसरला.

खालच्या कुणग्यांत यंदाही मीठ चढलं.
अहवालात तेही लिहिलंय.
कुलूप माझ्या टेबलावर असतं,
पंख्याने कागद उडतात म्हणून.
पुढची बैठक अष्टमीला.
तेव्हा भांग असतो, येसू म्हणाली,
पाणी फार ओढत नाही,
माणूस जरा बसतो.